पलंगाची उशाकडील पाठ
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर-परिचय या विषयांचा दरवर्षी विचार होतो, व तो व्हावयासच पाहिजे. मला मात्र आज पलंगाविषयी, त्यातही केवळ त्याच्या उशाकडील पाठीविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्म्याची पूजा मांडताना आपण रंधा, करवत, पटाशी यांस हळदकुंकू वाहतो. परंतु कित्येक घरांत ती हत्यारे त्या एका दिवसापुरतीच पेटीबाहेर येतात, आणि त्याच घरात भुशाच्या दाबीव फळ्यांचा पलंग बाजारातून येतो. त्या फळीस ओल लागली की ती फुगते, स्क्रूची पकड जाते, आणि मग दुरुस्तीस वाव उरत नाही. आपल्या मुलांस हे आपण सांगणार नाही, तर कोण सांगणार?

संपूर्ण पलंग नवशिक्याच्या आटोक्यात नसतो. पाठ मात्र घराच्या पडवीत, सुटीच्या दिवशी, बापलेकांस करता येते. तीन फुटी पलंगास अडीच इंची चौरस दोन खांब, वरची व खालची अशा दोन आडव्या पट्ट्या आणि मधे सुमारे पावणेसात इंच रुंदीच्या पाच उभ्या फळ्या पुरतात. गादीच्या वर दीड फूट तरी पाठ असावी. एरवी निजण्यापूर्वी वाचणाऱ्याची मान अवघडते. साग घेतल्यास गाभ्याचा घ्यावा, कारण कडेच्या पांढरट लाकडास वाळवी सोडत नाही. जुन्या घराच्या तुळया मिळाल्या तर भाग्यच. फक्त रंधा लावण्यापूर्वी खिळे हुडकून काढावेत.

आता खरी विद्या. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलते. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आटतो. वाळल्यावरही आषाढात तो फुगतो व वैशाखात आक्रसतो. तीन फुटांच्या आतबाहेरील रुंदीत हा फरक अडीच-तीन सुतांपर्यंत जातो. सर्व फळ्या एकसंध चिकटवून चौकटीत जखडल्या, तर उन्हाळ्यात पाठ तडकणारच. म्हणून एका फळीस जीभ, शेजारणीस खोबण, आणि प्रत्येक सांध्यात अर्ध्या सुताची मोकळीक. फळ्यांस सरस मुळीच लावू नये. तो लावावयाचा खांब आणि आडव्या पट्ट्या यांच्या सांध्यासच. कुसवाची जाडी पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे सव्वा इंची पट्टीस तीन सूत, ठेवावी. गुण्या लावून रेघ मारावी, रेघेच्या बाहेरून कापावे व मग पटाशीने रेघेवर यावे. हाडाकातड्यांचा सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवीत, त्याचा वास काही वडीलधाऱ्यांस अद्याप आठवत असेल. १९५९ साली फेव्हिकॉल आले आणि ती खटपट सरली. त्याबद्दल हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. सांधा मुळात ढिला असेल, तर कोणताही सरस त्यास फार दिवस सावरत नाही.

हे काम मुलींस शिकवावे काय, असे मला एका गृहस्थांनी विचारले. माझे म्हणणे इतकेच की, करवतीस धरणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. ज्या घरी मुलगा परगावी नोकरीस गेला आहे आणि मुलगी घरी आहे, तेथे हत्यारांची पेटी कोणाच्या स्वाधीन करावयाची, हे आपण ठरवावे. मात्र ती गंजत राहू नये.

पाठ बाजूच्या दांड्यांस जोडताना कायमची चिकटवू नये. बोल्ट व नट घालावेत, म्हणजे जिन्यातून पलंग सुटा करून नेता येतो. शेवटी जवसाचे तेल पातळ चोळावे, पंधरा मिनिटांनी पुसावे, व दुसरा हात पहिला वाळल्यावरच द्यावा. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. मोकळ्या हवेत पसरून वाळवावी, अथवा पाण्यात भिजवून टाकावी.