म्हैस कुठं वीत होती?

तोंडाला रंग लावून पडद्यामागे ताटकळत बसलेल्या माझ्या दोस्तांनो,

मला ठाऊक आहे, तुम्ही आणि तुमचा कोळीनाच-गरबा यांच्यामध्ये आज एकच अडथळा आहे आणि तो आत्ता माइकसमोर उभा आहे. शाळेत असताना मीही अशाच एका प्रमुख पाहुण्यांचं भाषण ऐकलं होतं, मावळ्याच्या वेशात, चिकटवलेली मिशी एका हातानं धरून. त्यांनी काय सांगितलं ते एक अक्षर आठवत नाही. मिशी मात्र आठवते. म्हणून सल्ले कमी देतो, गोष्टी जास्त सांगतो.

सुरतेजवळच्या हजीऱ्यातल्या एका कारखान्यात मी 22 वर्षं देखभाल विभागात होतो. इथं बसलेल्या पालकांपैकी कितीतरी जण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले आहेत, मी चाळीसगावचा. आठवडाभर कारखाना आणि सुट्टी जोडून आली की सुरत-भुसावळ गाडी. घरच्यांना वाटायचं, मुलगा आईला भेटायला येतो. आई म्हणायची, मला कुठला भेटतोय, डोंगराला भेटायला येतो. मला छंद होता लेणी आणि गुहा धुंडाळायचा. अजिंठा-वेरूळ नव्हे, तिथं तिकीट काढून कुणीही जातं. ज्यांच्याकडे पाटी नाही, पायऱ्या नाहीत, अशा.

पहिला प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. सपाट, खारट हवेच्या हजीऱ्यात राहणाऱ्या माणसाला गुहांचं वेड कसं लागलं? त्याचं उत्तर तुमच्या नळाला येतं. अजिंठ्याच्या लेण्यांखालून नालाच्या आकाराचं वळण घेत वाहणारी नदी, ती वाघूर. ती जामनेरकडून खाली येते आणि तापीला मिळते. तापी उकाईच्या धरणात थोडी विसावते, सुरतेची तहान भागवते आणि आपल्या या हजीऱ्यापाशी समुद्राला मिळते. म्हणजे ज्या पाण्यानं अजिंठ्याचं खोरं कापलं, तेच पाणी तुमच्या दारात येतं. मी पुलावरून तापीकडे पाहायचो आणि वाटायचं, हिच्या काठाकाठानं उलटं चालत जावं.

आता अजिंठ्याचीच गोष्ट. पुस्तकात असतं की 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वाघाच्या शिकारीला गेलेला असताना अजिंठ्याचा शोध लावला. साहेबांनी दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरूनही ठेवली, 28 एप्रिल. आज एखाद्या संरक्षित लेण्यात कुणी असं नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा लाखापर्यंत दंड, असा कायदा आहे. साहेब वाचले. पण त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, त्याचं नाव लेणापूर. नावातच लेणी! मग हरवलं होतं कुणाला आणि सापडलं कुणाला?

हा प्रश्न मला पुस्तकानं शिकवला नाही, एका आजीनं शिकवला. आमच्या भागात सातमाळ्याच्या रांगेत एका घळीत मला एक लेणं सापडलं. जागा मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे सांगतो. अर्धवट कोरलेलं, एकाच खोलीचं. तोंडाशी करवंदाची जाळी. आत रांगत गेलो, बॅटरी लावली आणि भिंतीवर टाकीचे घाव दिसले. तिरपे, एकसारखे, जणू काल संध्याकाळी कारागीर हत्यारं गुंडाळून जेवायला गेला आहे. डाव्या हाताला झोपायचा दगडी ओटा. दाराच्या चौकटीत खाली-वर दोन गोल खळगे, लाकडी दाराचा खुंट फिरायला. त्या खळग्यात मी बोट घातलं. आत गुळगुळीत होतं. दार इतक्या वेळा उघडलं-मिटलं होतं की दगड झिजला होता. त्या झिजलेल्या दगडानं माझ्या अंगावर काटा आला.

मी धावत खाली वस्तीवर आलो. ओसरीत एक आजी शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारलं, "कथा चालनात भाऊ?" म्हणजे, कुठं चाललात. मी छाती फुगवून म्हणालो, "आजी, मी वर एक लेणं शोधलंय! आजवर कुणाला माहीत नव्हतं." आजींनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. म्हणाल्या, "तुम्ही शोधलं? मग आमची म्हैस तीन पावसाळे कुठं वीत होती?"

त्या दिवसापासून माझ्या वहीतला एक रकाना बदलला. आधी तिथं मी ऐटीत लिहायचो, "शोधकर्ता". तो खोडला आणि लिहिलं, "कुणी सांगितलं".

हा रकाना नीट भरला तर केवढं काम होतं, त्याची दोन खरी उदाहरणं सांगतो. पहिलं आपल्या धुळ्याचं. शंकर श्रीकृष्ण देव हे पेशानं वकील. समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचा त्यांना ध्यास. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी जुनी हस्तलिखितं जमवली. कागदपत्रांत रामदासांच्या शिवथरच्या घळीचा उल्लेख होता, पण ती घळ नेमकी कुठली, हे अभ्यासकांना ठाऊक नव्हतं. देवांनी 1930 साली महाडजवळ, वरंधा घाटाच्या पायथ्याच्या जंगलात ती शोधून काढली. आज तिथं हजारो लोक जातात, धबधब्याच्या आवाजात बसतात. एका वकिलानं जुना कागद काळजीपूर्वक वाचला, म्हणून.

दुसरं कोकणातलं. दाभोळचे अण्णा शिरगावकर, इतिहासाची हौस असलेला माणूस, गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवणारा. 1970च्या आसपास दापोली तालुक्यातला एक ताम्रपट त्यांच्यामुळे जाणकारांपर्यंत पोचला. तो होता 1139 सालचा, शिलाहार राजांचा, आणि त्यात प्रणालक नावाच्या नगराचा उल्लेख होता. प्रणालक म्हणजे आजचं पन्हाळेकाजी. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे तिथं गेले, तर कोटजाई नदीच्या काठी गाळानं भरलेल्या लेण्यांची रांग! गाळ उपसला, मोजणी झाली आणि 29 लेणी जगासमोर आली. आधी बौद्ध भिक्षूंची, मग शैवांची, मग नाथपंथीयांची. एकाच कड्यावर हजारेक वर्षं माणसं येत राहिली, आधीच्यांचं घर आपलं करत राहिली. देशपांड्यांनी त्यावर लिहिलेला ग्रंथ 1986 साली निघाला. हौशी माणसाची पायपीट आणि अभ्यासकाची नजर, या दोहोंतलं एक जरी कमी पडलं असतं तर तो गाळ अजून तसाच असता.

आणि हे सगळं जुन्या काळीच होतं असं समजू नका. थेट मुंबईत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, काही वर्षांपूर्वी साठ्ये महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी सात लेणी नोंदवली. कोटीहून जास्त लोकांच्या शहरात!

आता हे धुंडाळायचं कसं? तुमच्यातले निम्मे जण इंजिनीअरांची, फिटरांची, वेल्डरांची मुलं. तुम्हाला हे पटकन कळेल. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. एकावर एक चवडी रचल्यासारखे थर. काही कठीण, काही सच्छिद्र आणि मऊ. कोरणारे कारागीर कडा वाचायचे, ज्या थरात टाकी चालेल आणि छतही टिकेल तो निवडायचे. काम सुरू करायचे वरून. आधी छत, मग खाली उतरत जमीन. त्यामुळे त्यांना परांची बांधावी लागत नव्हती, पायाखालचा दगड हीच परांची. पूर्ण झालेलं लेणं हे सांगत नाही. अर्धवट सोडलेलं सांगतं. अजिंठ्याचं 24वं लेणं पाहा. म्हणून मला अपुरी लेणी जास्त आवडतात, तिथं काम चालू असलेलं दिसतं.

दुसरी खूण पाण्याची. माणूस राहायचा तर पाणी हवं, म्हणून लेण्याशेजारी टाकं असतं. जुन्या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हणतात. उन्हाळ्यात उघड्या कड्यावर एकाच जागी हिरवं झुडूप दिसलं की मी तिकडे वळतो.

तिसरी खूण कानांनी शोधायची. गावकरी म्हणतात, हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं, इथं सीता न्हायली, इथं गोरखनाथ बसला. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगरात एका लेण्याला सीतेची न्हाणी म्हणतात, दुसऱ्याला शृंगारचावडी. इतिहास म्हणून ते खरं नसेल, पण पत्ता म्हणून शंभर टक्के खरं असतं.

त्याच डोंगररांगेत पितळखोरं आहे. तिथल्या एका यक्षाच्या मूर्तीवर, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, कारागिरानं लिहून ठेवलंय की ही कान्हदास सोनारानं घडवली. दोन हजार वर्षांपूर्वीचा सोनार! आणि दान देणाऱ्यांत पैठणचं एक सुगंधी द्रव्यं विकणारं कुटुंब. म्हणजे लेणी राजांनीच कोरवली असं नाही. भडोच, सोपारा या बंदरांतून घाट चढून माल पैठण-जुन्नरला जायचा, आणि त्या वाटांवर व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या पैशातून लेणी उभी राहिली. हजीऱ्याच्या बंदरातून रोज कंटेनर जाताना तुम्ही पाहता ना? तशाच रहदारीची ती ठेव आहे.

आता शिस्त. कारखान्यात टाकीत किंवा बॉयलरमध्ये माणूस उतरवायचा तर परमिट लागतं, हवा तपासावी लागते, आणि भोकाशी बाहेर एक माणूस उभा असतो. तो जेवायलाही हलत नाही. आत कोण गेलं, कधी गेलं, त्याच्या वहीत असतं. तुमच्या बाबांना विचारा. गुहेलाही हाच नियम. एकटं जायचं नाही. घरी सांगून जायचं. एक बॅटरी म्हणजे शून्य बॅटरी, तीन हव्यात. एकदा मी एकच नेली होती, ती गेली, आणि पंधरा फुटांच्या गुहेतून बाहेर यायला मला पाऊण तास लागला. वर आग्या मोहोळ दिसलं तर मागं फिरायचं, त्यात कमीपणा नाही. आणि तुम्ही तर अजून लहान आहात, तेव्हा मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय उंबरठाही ओलांडायचा नाही.

आत वटवाघळं असतील तर ते त्यांचं घर. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बारापेडेची गुहा आहे. तिथल्या एका जातीच्या वटवाघळाची जगाला 1913 साली ओळख झाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या जातीची वसती जगात फक्त त्या एका गुहेतच माहीत होती. विचार करा, एखाद्या हौशी टोळक्यानं तिथं फटाका फोडला असता तर? म्हणूनच मी माझ्या लेण्याची जागा सांगितली नाही. नोंद संबंधित खात्याकडे आणि अभ्यासकांकडे करायची. मोबाइलवर नकाशा टाकून जत्रा भरवायची नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला डोंगर कुठं? एका दिवसात जाऊन येता येईल असा भडोच जिल्ह्यात झगडियाजवळ कडिया डुंगर आहे. सात बौद्ध लेणी आणि पायथ्याशी सिंहस्तंभ. आणि अगदी शेजारचं सुवाली? जिथं आपण रविवारी समुद्रावर भेळ खातो, तिथंच 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली. आपल्या पायाखाली काय आहे, ते विचारायला डोंगर लागत नाही.

म्हणून प्रमुख पाहुणा या नात्यानं एकच गृहपाठ. उन्हाळ्यात गावी जाल, तेव्हा आजी-आजोबांना विचारा, आपल्या शिवारात सगळ्यात जुनं काय आहे? सांगतील ते वहीत लिहा. पायांनी किंवा टेपनं मोजा, चित्र काढा. आणि शेवटच्या रकान्यात सांगणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

मी ते विसरलो नव्हतो, असं मला वाटत होतं. दोन वर्षांनी त्या वस्तीवर पुन्हा गेलो. आजींना माझी वही दाखवली, लेण्याचा नकाशा दाखवला, त्यांचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा नसल्यानं वही लांब धरून निरखली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. आजी म्हणाल्या, "माझं नाव कशाला? मी कुठं वर गेले होते कधी? पोरगं गेलं होतं, आणि तेही म्हशीमागं म्हणून. म्हशीचं लिहा."

वही काढून बघा हवं तर. तिथं लिहिलंय, "कुणी सांगितलं: गोदी."

बक्षीस मिळालेल्या सगळ्यांचं अभिनंदन, न मिळालेल्यांचं थोडं जास्त. तुम्ही इतका वेळ मिशा धरून ऐकलंत. आता पडदा उघडू द्या.