विद्यार्थ्याचे नाव आणि संगणकाची लिपी



धडगावच्या शाळेत संगणकावर केलेली पटाची यादी नंदुरबारला उघडावी, आणि ‘पाडवी’, ‘वसावे’, ‘पावरा’ या नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसावीत, हा अनुभव अनेकांना असेल. यादी नष्ट झालेली नसते. जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार चढविलेले असत. तो फाँट दुसऱ्या संगणकात नसला की मूळ संकेत उघडे पडतात. मोडी दप्तर केवळ बालबोध जाणणाऱ्याच्या हाती पडावे, तशीच ही गत होय.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरी वर्णांना स्वतंत्र क्रमांक दिले. म्हणून यादी युनिकोडमध्येच लिहावी. तरीही वर्ड व लिब्रेऑफिस यांत तक्त्यांची मांडणी सरकू शकते. यास्तव दुरुस्तीसाठी मूळ फाईल व छपाईसाठी पीडीएफ, अशा दोन्ही पाठवाव्यात.

जुन्या यादीचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना वेलांटी व रफार यांची जागा चुकू शकते. प्रत्येक नाव दाखलखारीज रजिस्टराशी ताडून पाहावे. येथील एक चूक शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरली, तर जातीच्या दाखल्यासाठी त्या मुलाच्या पालकांना कचेरीचे खेटे घालावे लागतात.