घरच्या घरी चालण्याचा व्यायाम आणि नाडीचे गणित
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी डॉक्टर नव्हे. माध्यमिक शाळेत गणित शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु निवृत्तीनंतर एक गणित मला स्वतःच्या देहावर सोडवावे लागले आणि त्याचे पहिले उत्तर साफ चुकले. ती चूक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्याच हेतूने मी आपणांपुढे उभा आहे.

आपल्या वाडवडिलांना चालणे हा व्यायाम वाटत नसे. तो दिनक्रमच होता. आज आपण दुकानाच्या गादीवर, कचेरीतील खुर्चीवर आणि वाहनात बसून दिवस काढतो. बसण्याची किंमत काय पडते, हे जेरेमी मॉरिस या इंग्रज संशोधकाने १९५३ साली दाखवून दिले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर जिने चढत-उतरत असे. गाडी एकच, पण हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत पुष्कळच कमी आढळले. आणि आपल्या देशातील लोकांना तर हा विकार पाश्चात्त्यांच्या मानाने लवकर गाठतो. तेव्हा हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरचा आहे.

चार वर्षांपूर्वी, माझ्या वयाच्या ६० व्या वर्षी, चिरंजीवांनी मोठ्या प्रेमाने घरी ट्रेडमिल आणली. या यंत्राचा पूर्वज १८१८ च्या सुमारास इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना राबविण्यासाठी निघाला होता. माझ्या उतावळेपणामुळे तो आमच्या घरीही शिक्षेचे साधनच ठरला असता! चिरंजीव ताशी ८ किलोमीटर वेगाने धावत. मीही पहिल्याच दिवशी तोच आकडा लावला. सहाव्या मिनिटास डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि सौभाग्यवतींनी हात दिला नसता तर मी पट्ट्यावरून खाली पडलो असतो. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितले, "मास्तर, पट्ट्यावरचा आकडा यंत्राचा आहे. तुमचा आकडा तुमच्या मनगटात आहे."

आजच्या भाषणाचे सारे सार या वाक्यात आहे. वेग सर्वांना सारखा दिसतो, श्रम मात्र प्रत्येकाचे वेगळे असतात. श्रमाचे माप नाडी होय.

ते माप काढण्याची रीत सोपी आहे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजावी. तीन दिवसांची सरासरी ती आपली विश्रांतीची नाडी. २२० मधून वय वजा केले की नाडीची कमाल मर्यादा ढोबळमानाने मिळते. या दोहोंतील अंतर ही आपली शिल्लक. फिनलंडचे कार्व्होनेन व त्यांचे सहकारी यांनी १९५७ साली या शिल्लकीवरून श्रम मोजण्याचा मार्ग दाखविला. मध्यम श्रमासाठी शिल्लकीचा चार दशांश ते सहा दशांश भाग विश्रांतीच्या नाडीत मिळवावयाचा.

माझेच उदाहरण घ्या. वय ६०, म्हणून कमाल १६०, विश्रांतीची नाडी ७२, शिल्लक ८८. तिचे चार दशांश ३५, सहा दशांश ५३. म्हणजे माझी नाडी १०७ ते १२५ च्या दरम्यान राहावयास हवी होती. चिरंजीवांचे वय ३४, विश्रांतीची नाडी ६४. त्यांची मर्यादा ११३ ते १३७. बापाने मुलाचे उत्तर उतरवून घेतले, हीच माझी चूक!

मात्र हे सूत्र अंदाजाचे आहे. एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणून दुसरी कसोटी जवळ असावी, ती बोलण्याची. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढे श्रम मध्यम समजावे. मी एकोणतिसाचा पाढा म्हणून पाहतो. प्रत्येक आकड्यागणिक थांबून श्वास घ्यावा लागला, की वेग कमी करतो.

आता कार्यक्रम. आठवड्यातून पाच दिवस चालावे. आरंभी पाच मिनिटे अगदी सावकाश आणि शेवटी पाच मिनिटे तसेच. त्यांच्या मध्ये आपल्या मर्यादेतील चाल. पहिले दोन आठवडे ही मधली चाल १० मिनिटे ठेवावी, आणि दर दोन आठवड्यांनी ५ मिनिटे वाढवावी. नवव्या आठवड्यात ती ३० मिनिटांवर येते, म्हणजे आठवड्याची १५० मिनिटे भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले मध्यम श्रमाचे किमान प्रमाण हेच. आधी वेळ वाढवावा, मग वेग, मग पट्ट्याचा चढ. दोन गोष्टी एकदम कधीही वाढवू नयेत. रोजची नाडी वहीत लिहावी. काही आठवड्यांनी त्याच वेगाला नाडी कमी पडू लागली, म्हणजे हृदय कसले गेले असे समजून थोडा वेग वाढवावा.

काही पथ्ये सांगतो. हृदयविकार, मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण, हातात वा जबड्यात कळ, घेरी किंवा अवाजवी धाप यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. 'पित्त झाले असेल' म्हणून स्वस्थ बसू नये. धोका नसेल तेव्हा मात्र पट्टा एकदम थांबवू नये. पायांत रक्त साचून चक्कर येते. कठड्याला धरून चालल्यास श्रम घटतात आणि यंत्रावरील आकडे फसवे ठरतात. वीज अकस्मात गेल्यास पट्टाही थांबतो, म्हणून कठडा हाताच्या अंतरावर असावा आणि सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवावी. यंत्रामागे मोकळी जागा ठेवावी व लहान मुलांना चालत्या पट्ट्याजवळ मुळीच येऊ देऊ नये.

शेवटी भगिनींविषयी एक शब्द. यंत्र घरात आले, पण वर्षभर सौभाग्यवतींनी त्यावर पाऊल ठेवले नाही. कारण विचारता म्हणाल्या, "सकाळी तुम्ही चालता, तेव्हा मी तुमचा चहा करते." मी निरुत्तर झालो. आता सकाळचा चहा मी करतो. त्यांच्या रक्तदाबाच्या औषधात बीटा-ब्लॉकर आहे. त्याने नाडी फारशी चढत नाही, म्हणून माझे सूत्र त्यांना लागू पडत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या बोलण्याच्या कसोटीवर चालतात आणि पाठ असलेले स्तोत्र म्हणतात. ज्या घरात यंत्र आहे, तेथे त्यावर कोण चालते आणि कोण चालत नाही, एवढे आज घरी गेल्यावर आपण पाहावे. आणि ज्या घरात यंत्र नाही, त्यांनी खंत करू नये. नाडीचे गणित गच्चीवर आणि रस्त्यावरही तेच आहे.