सावकाश चालणाऱ्यांचं जंगल



पत्रिकेत विषय ‘आरोग्य आणि वार्धक्य’ असा छापला आहे. आरोग्यावर आधीचे वक्ते पुष्कळ बोलले आहेत, तेव्हा मी थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरतो. तिथले तलाव, बिबटे, उद्यानाचा इतिहास हे तुम्हा मुंबईकरांना मी नव्यानं सांगायला नको. महानगराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे, एवढं पुरे.

माझं म्हणणं असं की, जंगल पाहण्याचा पहिला मान वडीलधाऱ्यांचा आहे आणि तो त्यांनी पायी चालून घ्यावा. तरुणांना तिथे अंतर कापायचं असतं. मनगटावरच्या घड्याळात पावलं वाढत जातात आणि कडेचा कांडोळ नजरेतून सुटतो. उन्हाळ्यात त्याची पानं गळून पांढरंफटक खोड उघडं पडतं. ते थांबणाऱ्यालाच दिसतं. कारवी घ्या. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. सत्तरीच्या माणसानं तिचा पुढचा बहर स्वतःच्या पायांनी जाऊन पाहावा, एवढ्यासाठी तरी रोज चालायला हवं.

(मागून आवाज: “गुडघ्यांचं काय?” हशा.)

हसू नका, प्रश्न खरा आहे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून उतार अधिक सावकाश उतरावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चालता चालता शेजाऱ्याशी बोलता येईना झालं की वेग कमी करावा. हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि काही अंतर बसनं गेलात तर त्यात कमीपणा नाही.

आमच्या इमारतीतल्या काकू पंचाहत्तरीच्या. नातवंडांबरोबर उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांकडे निघाल्या, मीही होतो. पायथ्यापर्यंत बस. पुढे मुलं भराभर वरच्या लेण्यांकडे गेली. काकू मोठा चैत्य पाहून थोडं चढल्या आणि एका विहाराबाहेरच्या दगडी बाकावर टेकल्या. डबा उघडला तोच माकडानं पोळी पळवली. (हशा.) मी काठी उचलली, तर म्हणाल्या, “असू दे हो, त्याचंच घर आहे.” मग आम्ही नुसते बसलो. बऱ्याच वेळानं समोरच्या पाण्यावर स्वर्गीय नर्तक आला, लांब पांढऱ्या शेपटीचा नर. पाण्यात सूर मारायचा, फांदीवर जाऊन पंख झाडायचा, पुन्हा सूर. काकूंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मुलं परत आली तेव्हा तो उडून गेला होता. त्यांनी कान्हेरी सगळी पालथी घातली होती, पण पक्षी पाहिला तो काकूंनी.

ते बाक कोणी कोरलं? दोन हजार वर्षांपूर्वी तिथे वस्ती करू लागलेल्या भिक्षूंच्या परंपरेनं. शंभराहून अधिक लेणी. जागोजागी बसायला बाक, पावसाचं पाणी साठवायला पोढी, चढायला खडकातच पायऱ्या. डोंगरावर माणसाला काय लागतं हे त्यांनी ओळखलं होतं. माझी मागणी त्याहून मोठी नाही. मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंतच्या पाच-सहा किलोमीटरांत दर दोनशे पावलांवर सावलीत बाक हवं, पिण्याचं पाणी हवं. (टाळ्या.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ताडोब्याबद्दल बरंच बोलायचं होतं, ते राहिलं. एवढंच सांगतो: सफारीत जिप्सीतून खाली उतरायला तिथे बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून तर लोकलनं जाऊन पायी फिरता येणारं बोरिवलीचं जंगल मला मोलाचं वाटतं. बिबट्याचं विचाराल, तर दिवसाउजेडी, दोघा-चौघांनी मिळून, रुळलेल्या वाटेनं चाला. एकट्यानं झाडीत शिरू नका.

सोमवारी उद्यान बंद असतं. मंगळवारी सकाळी या. नातवंडांनाही आणा आणि त्यांना तुमच्या मागून चालायला सांगा.