फोन हरवला की हिसकावला? परक्या शहरातलं पोलीस स्टेशन

आज जॉब स्विच नाही, सिस्टिम डिझाइन नाही. आज पोलीस स्टेशन.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या घरी त्यात पोलीस स्टेशनही धरलेलं होतं. त्यामुळे सत्ताविसाव्या वर्षापर्यंत माझा पोलिसांशी आलेला संबंध म्हणजे पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, एवढाच. तेही परभणीत, बाबा सोबत होते.

मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला आलो. तिसरा दिवस. संध्याकाळचे साडेसात, हातात फोन, फोनवर मॅप, मी पीजी शोधतोय. मागून बाईकवर दोघं आले आणि फोन गेला. मी ओरडलोसुद्धा मराठीत, "ए, थांब!" कोण थांबतंय!

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की फोन अनलॉक होता. आणि गॅलरीत माझ्या डेबिट कार्डाचा फोटो होता. हो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हो, आईला 'ओटीपी कुणाला सांगू नकोस' असं मीच सांगतो. हसून घ्या.

तिथल्या पानटपरीवाल्याचा फोन मागून ११२ लावायला हवा होता. हा नंबर देशभर चालतो आणि बंगळुरूत पोलिसांची होयसळा गाडी येते. पण मला वाटलं, ११२ म्हणजे खून-मारामारीसाठी. फोनसाठी कुठे त्रास द्यायचा! म्हणून विचारत विचारत जवळच्या पोलीस स्टेशनला गेलो.

तिथे गर्दी होती. ड्युटीवरच्या साहेबांनी जागा विचारली आणि म्हणाले, ती आमच्या हद्दीत नाही, रस्त्याच्या पलीकडे दुसरं स्टेशन. त्या दुसऱ्या स्टेशनला पोचेपर्यंत नऊ वाजले. तिथे एकाने माझं तोडक्या हिंदी-इंग्रजीतलं सगळं ऐकलं, कानडीत एक कागद भरला आणि सहीसाठी पुढे केला. मी सही केली, शिक्क्याची प्रत घेतली आणि मनात म्हटलं, लोक उगाच घाबरतात, किती सोपं काम!

पीजीवर येऊन लॅपटॉप उघडला तर बँकेचा मेल. १८,५०० रुपये गेलेले. सिम माझंच, ओटीपी त्याच फोनवर, कार्डाचा नंबर फोटोत. चोराने यूपीआय पिन बदलून घेतला. मी हद्दी शोधत फिरत होतो तेव्हा. म्हणजे पोलीस स्टेशनला जायच्या आधी कुणाच्याही फोनवरून सिम आणि बँक बंद करायला हवी होती. दहा मिनिटांचं काम होतं.

रूममेटच्या फोनवरून १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा नंबर, हाही देशभर एकच. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उडत असतात, ते पुढच्या बँकेत अडवता येतात का हे हे लोक बघतात. म्हणून इथे खरंच मिनिटं मोजायची. त्यांनी तक्रार घेतली, नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच स्टेशनला गेलो, पैशांचं सांगायला. तिथे एक हेड कॉन्स्टेबल होते, बेळगावकडचे. माझी हिंदी ऐकून म्हणाले, "मराठी काय ओ तुम्ही?" त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो ऑफर लेटर आल्यावरही झाला नव्हता. त्यांनी कालचा कागद हातात घेतला, वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "यात फोन हरवला असं लिवलंय. सही तुमचीच न्हवं?"

मंडळी, इथेच सगळी गोम आहे. कानडीत चोरीला 'कळवु' म्हणतात. आपल्याला तो शब्द 'कळवू' ऐकू येतो, म्हणजे नंतर सांगू! माझ्या कागदावर तो शब्दच नव्हता. तिथे फोन हरवल्याचा शब्द होता आणि त्याखाली माझी झोकदार सही.

फरक काय पडतो? फोन हरवला तर गुन्हा घडलेलाच नसतो. फक्त नोंद होते आणि तेवढ्यावर डुप्लिकेट सिम मिळतं. खरोखर रिक्षात विसरला असेल तर एवढं पुरेसं आहे, उगाच एफआयआरसाठी भांडू नका. पण हिसकावला असेल तर तो दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे एफआयआर आणि तपास. आणि त्याच फोनवरून पैसे गेले असतील तर बँक विचारणारच, की तुमच्याच कागदावर हरवला म्हटलंय, मग तुम्ही निष्काळजी होतात का? त्यांनी मला तेच विचारलं.

ज्याने कागद भरला त्याने मुद्दाम केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. कदाचित मीच "फोन गया" म्हणालो असेन. गया म्हणजे काय, हरवला की नेला? भाषा येत नसताना आपण सोपे शब्द वापरतो आणि सोपे शब्द दोन्हीकडे बसतात. पण हेही खरं की हरवल्याची नोंद केली की स्टेशनच्या डोक्यावर एक गुन्हा कमी. ही गोष्ट काही बंगळुरूचीच नाही. आपल्याकडे 'गहाळ' हा शब्द याच कामाला येतो.

हेड कॉन्स्टेबलनी सांगितलं, घरी जा, इंग्रजीत स्वतः अर्ज लिहून आणा. मी लिहिला. किती वाजता, कुठल्या बसस्टॉपजवळ, दोघं बाईकवर, हातातून ओढला, आयएमईआय नंबर (फोनच्या खोक्यावर असतो, खोकी फेकू नका), नंतर किती वाजता पैसे गेले, १९३० चा तक्रार नंबर. कालच्या कागदात चूक कशी झाली, तेही लिहिलं. दीड पान झालं. दोन तास बसवून ठेवलं, पण एफआयआर झाला.

नंतर मी कायदा वाचला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिचं कलम १७३ एकदा वाचाच. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीतल्या स्टेशनला देता येते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे पहिल्या स्टेशनने मला पाठवायलाच नको होतं. तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर ते तुम्हाला वाचून दाखवायचं, मग सही. प्रत फुकट. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. घेतलीच नाही तर एसपींना लेखी पाठवता येतं (शहरात साधारण डीसीपींना), आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेट आहेत. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय.

पण एक विनंती. आत शिरल्या शिरल्या कलमं सुनावू नका. समोरचा माणूस कदाचित रात्रपाळी करून थकलेला असतो, त्याचाही इगो असतो. आधी नीट सांगा. "सर, सही करण्याआधी मला एकदा वाचून दाखवाल का?" हे वाक्य कुठल्याही राज्यात चालतं. कलम खिशात ठेवा, नाहीच म्हणाले तर काढा.

एफआयआरच्या प्रतीवर आणि डुप्लिकेट सिमवर मी सीईआयआर पोर्टलवरून फोन ब्लॉक केला. त्यामुळे तो आता कुठल्याही भारतीय नेटवर्कवर चालू नये. १९३० मुळे ७,००० रुपये पुढच्या खात्यात अडकले होते, ते काही महिन्यांनी परत आले. उरलेल्या पैशांसाठी बँकेशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. फोन मिळालेला नाही.

बेळगावच्या त्या साहेबांची पुढे बदली झाली. जाण्याआधी एकदा दिसले, तर म्हणाले, "कानडी शिकलासा काय?" म्हटलं, एकच शब्द शिकलोय. कुठला ते त्यांनी न विचारताच ओळखलं.