दोन खाचांच्या मधला सूर

माझा धंदा रेडिओदुरुस्तीचा. वाद्यांशी संबंध फक्त ऐकण्यापुरता. काही वर्षांपूर्वी एका दुपारी शेजारचा मुलगा इलेक्ट्रिक गिटार घेऊन दुकानात आला. म्हणाला, "काका, स्विच सरकवला की खरखर होते. संध्याकाळी कॉलेजात कार्यक्रम आहे. बघता का?"

गिटार उघडली. तारांखाली तीन पिकअप होते. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह निर्माण होतो. मानेजवळच्या पिकअपचा आवाज भरदार, घोडीजवळच्याचा धारदार. यांतला कोणता आवाज पुढे पाठवायचा, ते स्विच ठरवतो.

अशा तीन पिकअपांची 'स्ट्रॅटोकास्टर' गिटार अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणली. फेंडर मूळचे आमच्यासारखेच रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यांच्या स्विचला तीनच खाचा होत्या. एका वेळी एक पिकअप. पण वादकांच्या लक्षात आले, की दांडी दोन खाचांच्या मध्ये थांबवली तर शेजारचे दोन्ही पिकअप एकदम बोलतात आणि वेगळाच गोड आवाज येतो. काही जण दांडी तशीच मध्ये अडकवून ठेवीत. अखेर १९७७ मध्ये कंपनीने पाच खाचांचा स्विच बसवला.

या मुलाच्या गिटारलाही पाच खाचांचाच स्विच होता. मी तो बदलला, सगळ्या तारा पुन्हा सोल्डर केल्या. प्रत्येक पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून पाहिला. तिन्ही ठणठणीत! मुलाने वाजवून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. पहिली, तिसरी, पाचवी खाच उत्तम. पण दुसरी आणि चौथी म्हणजे डबा वाजावा तसा पोकळ आवाज. "नवा स्विचच खराब निघाला," मी ठासून सांगितले. घड्याळात पाच वाजले होते.

मग विचार केला, या दोन्ही खाचांत समान काय? मधला पिकअप! त्याच्या दोन तारा माझ्याकडून उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. एकटा वाजताना त्याने काहीच बिघडत नाही. पण दुसऱ्याबरोबर वाजताना एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. खालचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात आणि उरतो तो किरटा आवाज.

दोन तारांची अदलाबदल केली. आवाज भरला. "स्विच चांगला होता रे, चूक माझी होती," मी म्हणालो. त्याने ऐकले की नाही कोण जाणे. तो वाजवण्यात रंगून गेला होता.

तेव्हापासून एकेक भाग सुटा तपासून मी कोणतीच वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. सगळे एकत्र वाजवून बघतो.