आधी महिलांचा सामना



मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर २२ मे २०१८ रोजी महिला क्रिकेटचा एक प्रदर्शनीय सामना झाला. त्याच सायंकाळी तेथे आयपीएलमधील पुरुष संघांचा पात्रता सामना व्हावयाचा होता. हरमनप्रीत कौर यांच्या सुपरनोव्हाज संघाने सांगलीच्या स्मृती मानधना यांच्या ट्रेलब्लेझर्स संघावर अखेरच्या चेंडूवर तीन गडी राखून विजय मिळविला. सामना असा रंगला; पण तो पाहावयास प्रेक्षक फारच थोडे होते. वार मंगळवार, वेळ दुपारी दोनची आणि ऊन मे महिन्याचे. सायंकाळच्या सामन्यासाठी येणारा नोकरदार प्रेक्षक त्या वेळी कचेरीतच होता.

पुरुषांच्या सामन्यापूर्वी त्याच मैदानावर महिलांचा सामना ठेवावा म्हणजे महिलांच्या खेळाला आपोआप प्रेक्षक मिळेल, अशी एक समजूत आहे. कल्पना चांगली आहे. मात्र ‘आपोआप’ हा शब्द तिच्यातून वगळावा लागेल. हे काम योजनापूर्वक केले तरच साधते.

मैदान आणि प्रेक्षक

महिलांचा खेळ पाहावयास कोणी येत नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी डिक-कर या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या फुटबॉल संघाचा सामना लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सुमारे ५३ हजार लोकांनी पाहिला. पुढल्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने संलग्न मैदाने महिलांना बंद केली आणि ही बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली. मैदान गेले, त्याबरोबर प्रेक्षकही गेला. यावरून प्रेक्षक हा मैदान, वेळ आणि सवय यांतून घडतो, हे ध्यानात येते.

गिरणगावाचा धडा

यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर या भागांत कबड्डीच्या स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या भरत आल्या आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी मंडळे टिकली. या स्पर्धांतून पुरुष व महिला या दोन्ही गटांचे सामने एकाच पटांगणात, एकाच सायंकाळी होत असल्याचे पाहावयास मिळते. कामावरून परतलेला माणूस चाळीतून खाली उतरतो आणि समोर जो सामना चालू असेल तो पाहतो. पाहता पाहता कोणाची चढाई वेगवान आणि कोणाची पकड पक्की, हे त्याला कळू लागते. शिवशक्ती, डॉ. शिरोडकर या महिला संघांची नावे कबड्डीरसिकांच्या तोंडी आहेत, त्यामागे अनेक वर्षांचा हा परिचय आहे.

वेळेचे गणित

फुटबॉलची गरज याहून मोठी आहे. कूपरेजसारख्या मैदानावर मुली खेळतात. पण त्यांचे सामने कोणत्या दिवशी, किती वाजता आहेत, हे मैदानाबाहेरील फारच थोड्यांना ठाऊक असते. फुटबॉलचा सामना मध्यंतर धरून पावणेदोन तासांत संपतो, ही मोठी सोय आहे. पुरुषांचा सामना सायंकाळी सहाला असेल, तर महिलांचा सामना पावणेचारला सुरू करता येईल. त्याचा उत्तरार्ध आणि पुढच्या सामन्यासाठी लोक येण्याची वेळ एकच पडेल. दोन सामन्यांत अर्ध्या तासाहून अधिक अंतर नसावे. मुलींना दिवस मावळण्याच्या सुमारास घरी परतता येईल, हाही लाभ लहान नाही. पालकांची संमती पुष्कळदा याच प्रश्नावर अडते.

तथापि काही पथ्ये पाळली पाहिजेत. उशीर झाला म्हणून महिलांचा सामना आखूड करू नये. चार संघांसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावे. जाहिरातीत दोन्ही सामने सारख्याच अक्षरांत छापावेत आणि खेळाडूंची नावे ध्वनिक्षेपकावरून सांगावीत. कीर्तनात पूर्वरंग आधी येतो म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. निरूपणाचा गाभा त्यातच असतो. महिलांचा सामना तसा पूर्वरंग व्हावा. पानातले तोंडीलावणे होऊ नये.

पुढील पायरी

ही व्यवस्था कायमची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. टी-ट्वेंटी विश्वचषकात २००९ पासून २०१६ पर्यंत महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, त्याच मैदानावर होत असे. २०१८ पासून महिलांची स्पर्धा स्वतंत्र झाली आणि ८ मार्च २०२० रोजी मेलबर्न येथे तिचा अंतिम सामना ८६,१७४ प्रेक्षकांनी पाहिला. मुंबईतही तेच घडले. २०२३ साली महिलांची स्वतंत्र प्रीमियर लीग सुरू झाली. पहिल्या वर्षी महिला व मुलींना सामन्यांना विनामूल्य प्रवेश होता. तिचा अंतिम सामना २६ मार्च रोजी, रविवारी, ब्रेबर्न स्टेडियमवर झाला आणि मुंबईचा संघ विजयी ठरला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या गर्दीला पुरुषांच्या सामन्याचा आधार लागला नाही.

गावोगावी

गावच्या यात्रेत, तालुक्याच्या क्रीडामहोत्सवात हा प्रयोग फारशा खर्चावाचून करता येईल. मुलींचे सामने सकाळी रिकाम्या मैदानावर उरकून घेण्याची पद्धत ग्रामपंचायतींनी सोडावी. पुरुषांच्या अंतिम सामन्यालगत आधी महिलांचा अंतिम सामना ठेवावा आणि पुढची रांग स्त्रियांसाठी राखावी. शिक्षकांनी विद्यार्थिनींना वर्गासह सामना पाहावयास न्यावे. अधिकाऱ्यांनी उत्तरार्धातील प्रेक्षकांची दरवर्षी मोजणी ठेवावी आणि संख्या वाढलेली दिसताच महिलांच्या स्पर्धेला स्वतंत्र दिवस द्यावा.

चांगली खेळाडू मुलगी दहावीनंतर मैदानावर येईनाशी होते, याची कारणे अनेक आहेत. आपला खेळ कोणी पाहात नाही, हे त्यांपैकी एक. ते दूर करण्यास मोठा निधी लागत नाही. वेळापत्रकातील एक ओळ बदलावी लागते.